डोक्यात गोळी लागूनही जगलेल्या जेम्स ब्रेडींनी अमेरिकेला बंदूक विकण्याआधी थांबायला लावलं. पण किती दिवस?

३० मार्च १९८१. दुपारचे अडीच वाजायला आले होते. वॉशिंग्टनच्या हिल्टन हॉटेलमध्ये भाषण आटोपून अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन बाजूच्या दारातून बाहेर पडले. गाडी समोरच उभी होती. तेवढ्यात पत्रकारांच्या घोळक्यात उभ्या असलेल्या एका पंचवीस वर्षांच्या तरुणाने रिव्हॉल्व्हर काढलं आणि दोन सेकंदांच्या आत सहा गोळ्या झाडल्या.

जॉन हिंकली हे त्या तरुणाचं नाव. त्याला मारायचं होतं रेगन यांना, पण पहिली गोळी लागली त्यांच्या शेजारून चाललेल्या प्रेस सेक्रेटरीच्या कपाळाला. त्यांचं नाव जेम्स ब्रेडी. या नोकरीत त्यांना जेमतेम सत्तर दिवस झाले होते.

एक पोलीस आणि एक सीक्रेट सर्व्हिस एजंटही जखमी झाला. सहावी गोळी गाडीवर आपटून रेगन यांच्या छातीत शिरली. रेगन बाराव्या दिवशी व्हाइट हाऊसमध्ये परतले. ब्रेडींना मात्र हॉस्पिटलमधून घरी जायला जवळपास आठ महिने लागले.

त्या दिवशी अमेरिकेतल्या मोठ्या टीव्ही वाहिन्यांनी ब्रेडी गेल्याची बातमीही देऊन टाकली होती. ब्रेकिंग न्यूजची घाई काही आजची नाही! तिकडे ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जन आर्थर कोब्रिन यांचं काम चालूच होतं. काही वेळाने वाहिन्यांना बातमी मागे घ्यावी लागली.

गेलेला म्हणून जाहीर झालेला हा माणूस पुढे ३३ वर्षं जगला. आज अमेरिकेत दुकानातून बंदूक घेताना जो बॅकग्राउंड चेक होतो, त्या कायद्याला त्यांचंच नाव आहे. गंमत अशी की ब्रेडी दांपत्याने ज्या गोष्टीसाठी सर्वात जास्त भांडण केलं, ती म्हणजे खरेदी आणि ताबा यांच्यामधला उशीर. आणि आज त्यांच्या कायद्यातली एक मोठी फट जी मानली जाते, तीही उशीरच आहे.

हे कसं झालं, ते समजून घ्यायला जरा मागे जावं लागेल.

'बेअर' नावाचा माणूस

ब्रेडींचा जन्म २९ ऑगस्ट १९४० चा, इलिनॉय राज्यातल्या सेंट्रेलिया गावचा. रेल्वेमुळे वसलेलं, रेल्वेच्याच नावावरून नाव पडलेलं हे गाव. इलिनॉय विद्यापीठातून १९६२ मध्ये पदवी घेतल्यावर ते राजकारणाच्या आसपासच रमले. सरकारी खाती, सिनेटरची कार्यालयं, निवडणुकीच्या मोहिमा, आणि सगळीकडे काम एकच, पत्रकारांना सांभाळायचं.

ते पक्के रिपब्लिकन होते. हे लक्षात ठेवा, पुढे याला फार महत्त्व येणार आहे.

अंगाने भरलेले, स्वभावाने मिश्कील. मित्र त्यांना 'बेअर' म्हणजे अस्वल म्हणायचे. १९८० च्या प्रचारात रेगन यांनी झाडांमुळेही प्रदूषण होतं असं काहीतरी विधान केलं होतं. त्यानंतर प्रचाराच्या विमानातून खाली जंगलाला लागलेली आग दिसली, तेव्हा ब्रेडींनी पत्रकारांसमोर ही बघा खुनी झाडं, अशा अर्थाचा विनोद केला. स्वतःच्याच उमेदवाराची खिल्ली! शिक्षा म्हणून त्यांना काही दिवस विमानातून उतरवण्यात आलं. तरीही निवडणूक जिंकल्यावर रेगन यांनी प्रेस सेक्रेटरी म्हणून त्यांनाच निवडलं.

गोळीने यातलं बरंच काही हिरावून घेतलं. डावा हात कायमचा निकामी झाला, डाव्या पायात ताकद उरली नाही, व्हीलचेअर आली. बोलणं संथ झालं. अलीकडच्या गोष्टी लक्षात राहीनात, भावनांवरचा ताबा सुटायला लागला. विनोदबुद्धी तेवढी शाबूत राहिली. रेगन यांनी १९८९ पर्यंत प्रेस सेक्रेटरी हे पद ब्रेडींच्याच नावावर ठेवलं. रोजचं काम दुसरेच करत होते.

ती बंदूक आली कुठून?

हल्ल्याच्या साडेपाच महिने आधी, ९ ऑक्टोबर १९८० रोजी, हिंकली नॅशव्हिलच्या विमानतळावर तीन पिस्तुलांसह पकडला गेला होता. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर त्याच दिवशी त्याच शहरात होते. पोलिसांनी शस्त्रं जप्त केली, दंड घेतला आणि त्याला सोडून दिलं. बस्स.

चारच दिवसांनी, १३ ऑक्टोबरला, तो डॅलसमधल्या एका दुकानात गेला. वस्तू गहाण ठेवून पैसे देणारं आणि जुनी शस्त्रंही विकणारं हे दुकान. तिथून त्याने .२२ चं छोटं रिव्हॉल्व्हर घेतलं. त्यासाठी एक सरकारी फॉर्म भरायचा असतो. हिंकलीने त्यावर असा पत्ता लिहिला, जिथे तो राहतच नव्हता.

तो पत्ता खरा की खोटा, हे कोणी पाहिलं? कोणीच नाही. कारण पाहायची पद्धतच नव्हती.

मार्टिन ल्यूथर किंग आणि रॉबर्ट केनेडी यांच्या हत्यांनंतर अमेरिकेने १९६८ मध्ये बंदुकांबाबत कायदा केला होता. गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेले, कोर्टाने मनोरुग्णालयात पाठवलेले, अमली पदार्थांचं बेकायदा सेवन करणारे अशांना बंदूक घेता येणार नाही, असं त्यात लिहिलं होतं. पण ग्राहक या यादीत बसतो का, हे ठरवायचं कसं? तर ग्राहकालाच विचारून! तुम्ही गुन्हेगार आहात का, असा रकाना. समोर 'नाही' लिहायचं, सही करायची, बंदूक घेऊन घरी जायचं. खोटं लिहिणं गुन्हा होता, पण खोटं पकडणारं कोणी नव्हतं.

सारा ब्रेडी आणि ट्रकमधलं खेळणं

इथे गोष्टीत ब्रेडींच्या पत्नी सारा येतात. खरं सांगायचं तर पुढची लढाई जितकी जेम्स यांची, तितकीच, किंबहुना जास्तच, सारा यांची आहे.

हल्ल्यानंतर पहिली काही वर्षं त्या नवऱ्याची शुश्रूषा आणि लहान मुलगा यातच अडकलेल्या होत्या. मग एकदा सेंट्रेलियाला गेले असताना त्यांचा मुलगा ओळखीच्यांच्या पिकअप ट्रकमध्ये चढला. सीटवर पडलेलं पिस्तूल त्याने खेळणं समजून उचललं आणि आईच्या दिशेने धरलं. ते खेळणं नव्हतं, त्यात गोळ्याही भरलेल्या होत्या. ते झाडलं गेलं नाही, एवढंच नशीब.

याच सुमारास अमेरिकन संसदेत १९६८ चा कायदा आणखी सैल करायच्या हालचाली सुरू होत्या. सारा यांनी बंदूक नियंत्रणासाठी काम करणाऱ्या 'हँडगन कंट्रोल' या संघटनेला फोन केला आणि १९८५ पासून त्या कामाला लागल्या. घर रिपब्लिकन, नवरा रेगन यांचा माणूस. आणि रेगन स्वतः नॅशनल रायफल असोसिएशनचे, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वात ताकदवान बंदूक संघटनेचे, आजीव सदस्य. नवरा सरकारी पदावर असेपर्यंत सारा यांनाच बाहेर जाऊन बोलावं लागलं. जेम्स उघडपणे मैदानात आले ते १९८९ नंतर.

ब्रेडी विधेयक पहिल्यांदा १९८७ मध्ये मांडलं गेलं. मागणी साधी होती. ग्राहकाने पिस्तूल मागितलं की दुकानदाराने ते लगेच द्यायचं नाही. सात दिवस थांबायचं आणि तेवढ्या वेळात स्थानिक पोलिसांनी ग्राहकाची माहिती तपासायची.

या थांबण्याची दोन कारणं होती. एक, तपासायला वेळ मिळावा. दुसरं, रागाच्या भरात किंवा जीव द्यायच्या विचाराने बंदूक घ्यायला आलेला माणूस आठवड्याभरात शांत व्हावा.

रायफल असोसिएशनचा विरोधही समजून घेण्यासारखा आहे. त्यांचं म्हणणं होतं की गुन्हेगार मुळात दुकानात येतच नाही, तो चोरीचा माल घेतो. मग ताटकळायचं कोणी? कायदा पाळणाऱ्याने. जिला मारायच्या धमक्या येत आहेत अशा बाईला आजच बंदूक हवी असेल, तर तिने आठवडाभर काय करायचं? त्यापेक्षा फोन केला की मिनिटात उत्तर मिळेल अशी कॉम्प्युटरवरची तपासणी आणा, असा त्यांचा आग्रह होता. अडचण एवढीच की अनेक राज्यांतल्या गुन्ह्यांच्या नोंदी तेव्हा कॉम्प्युटरवर आलेल्याच नव्हत्या.

१९८८ मध्ये विधेयक पडलं. मग मार्च १९९१ मध्ये, हल्ल्याला दहा वर्षं होत असताना, रेगन यांनी जाहीरपणे ब्रेडी विधेयकाला पाठिंबा दिला. न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्यांनी लेखच लिहिला. रायफल असोसिएशनचा आजीव सदस्य असलेला माजी राष्ट्राध्यक्ष बाजू बदलतो, ही तेव्हा मोठी बातमी होती. त्या वर्षी कनिष्ठ सभागृहात विधेयक २३९ विरुद्ध १८६ मतांनी मंजूर झालं, पण सिनेटमध्ये अडकून मेलं.

जेम्स यांची व्हीलचेअर खासदारांच्या कार्यालयांतून फिरत राहिली. त्यांना फार बोलता यायचं नाही. अंगठा वर करून ते हसायचे. त्या व्हीलचेअरसमोर बसून नाही म्हणणं खासदारांना किती जड जात असेल, याची कल्पना करता येते. तरीही पुष्कळांनी नाही म्हटलंच.

अखेर ३० नोव्हेंबर १९९३ रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी कायद्यावर सही केली. ब्रेडी शेजारी व्हीलचेअरमध्ये बसलेले होते. गोळी लागून साडेबारा वर्षं झाली होती.

मंजूर झालं, पण नेमकं काय?

इथे बारकाईने पाहायला हवं, कारण बातम्यांत हा भाग कायम सुटतो.

सात दिवसांचे कामकाजाचे पाच दिवस झाले होते. आणि हे पाच दिवसही कायमचे नव्हते. पाच वर्षांत केंद्र सरकारने कॉम्प्युटरवरची झटपट तपासणी उभी करायची आणि ती सुरू झाली की थांबण्याची अट आपोआप रद्द, अशी तडजोड झाली होती. म्हणजे ब्रेडी जिंकले, पण जिंकलेल्या गोष्टीवर एक्सपायरी डेट छापून आली होती.

२८ फेब्रुवारी १९९४ पासून कायदा लागू झाला. तपासणीचं काम आलं स्थानिक पोलिसांकडे आणि शेरीफ म्हणजे काउंटीच्या पोलीस प्रमुखांकडे. माँटाना आणि ॲरिझोनातले दोन शेरीफ कोर्टात गेले. केंद्राचं काम आमच्या गळ्यात का, असा त्यांचा सवाल होता. सुप्रीम कोर्टाने १९९७ मध्ये पाच विरुद्ध चार अशा मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. केंद्राला राज्यांच्या अधिकाऱ्यांवर अशी सक्ती करता येणार नाही, असं ठरलं.

आणि मग ३० नोव्हेंबर १९९८ रोजी, सहीला बरोबर पाच वर्षं झाली त्या दिवशी, एफबीआयची नवी यंत्रणा सुरू झाली. तिचं नाव एनआयसीएस, केंद्र वेस्ट व्हर्जिनियात. थांबण्याची देशपातळीवरची अट संपली. काही राज्यांनी आपापली अट ठेवली, ते वेगळं.

आता दुकानात काय होतं ते पाहा. ग्राहक फॉर्म भरतो. दुकानदार त्याचं नाव, जन्मतारीख वगैरे एफबीआयला कळवतो. तीनपैकी एक उत्तर येतं. विका, विकू नका, किंवा थांबा. दहापैकी जवळपास नऊ वेळा काही मिनिटांत निकाल लागतो.

'थांबा' म्हणजे नोंदीत काहीतरी दिसतंय, पण ते पुरेसं स्पष्ट नाही. समजा अटकेची नोंद आहे, पण पुढे शिक्षा झाली की सुटका, हे लिहिलेलंच नाही. मग एफबीआयचा कर्मचारी कोर्टांना, पोलीस ठाण्यांना फोन आणि फॅक्स करत बसतो. एखादं छोटं कोर्ट उत्तर द्यायला आठवडे लावतं. कुठे जुनी फाइल गोदामातून काढावी लागते. यात अनेक निर्दोष ग्राहकही अडकतात. कुणाचं नाव गुन्हेगाराशी जुळतं, कुणाच्या सुटकेची नोंद कोर्टाने पाठवलेलीच नसते.

अशा माणसाला सरकारने किती काळ लटकवून ठेवायचं? कायदा म्हणतो, कामकाजाचे तीन दिवस. तेवढ्यात उत्तर आलं नाही, तर दुकानदार बंदूक देऊ शकतो. द्यायलाच हवी असं नाही. काही दुकानं देतही नाहीत. पण दिली तर ते कायदेशीर असतं. तपास पुढे चालू राहतो आणि नंतर कळलं की हा माणूस अपात्र होता, तर बंदूक परत आणायला सरकारी माणसं त्याच्या दारात जातात. ८८ दिवसांत काहीच निष्पन्न झालं नाही, तर ती चौकशी नोंदीतूनच पुसली जाते.

पाच दिवसांच्या काळात उशीर सगळ्यांना सारखाच होता आणि तो कायद्याच्या बाजूने काम करायचा. नव्या पद्धतीत उशीर फक्त संशयास्पद नोंद असलेल्यांच्या वाट्याला येतो. आणि तो लांबला, तर फायदा ग्राहकाचा.

जाता जाता आपल्याकडचं सांगतो. भारतात आधी परवाना मिळवावा लागतो, बंदूक नंतर. त्यासाठी पोलिसांचा अहवाल मागवतात. पण आपल्या शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्येही तरतूद आहे की अहवाल ठरलेल्या मुदतीत आला नाही, तर परवाना अधिकारी त्याची वाट न पाहता निर्णय घेऊ शकतो. फरक हा की आपल्याकडे तो निर्णय सरकारी अधिकारी घेतो, तिकडे बंदूक विकणारा दुकानदार.

कायद्याने काय साधलं?

हिंकलीला हा कायदा रोखू शकला असता का? प्रामाणिक उत्तर आहे, सांगता येत नाही. त्याने बंदूक ऑक्टोबरमध्ये घेतली आणि मार्चमध्ये चालवली, म्हणजे पाच-सात दिवस थांबल्याने काही फरक पडला नसता. गंभीर गुन्ह्यात तो दोषी ठरला नव्हता, कोर्टाने मनोरुग्णालयातही पाठवलं नव्हतं. खोटा पत्ता पकडला गेला असता तर कदाचित. विरोधक हा मुद्दा नेहमी काढायचे आणि तो खोडून काढणं सोपं नव्हतं.

सन २००० मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या जर्नलमध्ये एक अभ्यास आला. ब्रेडी कायद्याने ज्या राज्यांत बदल झाला आणि जिथे आधीपासूनच तसे नियम होते, त्यांची त्यात तुलना होती. खुनांच्या प्रमाणात कायद्यामुळे घट झाल्याचं दिसलं नाही. पण ५५ वर्षांवरच्या लोकांमध्ये बंदुकीने होणाऱ्या आत्महत्या कमी झाल्या होत्या. जिथे थांबण्याची अट नव्याने आली, तिथे हा परिणाम जास्त ठळक होता. ज्या अटीवर पुढे पाणी सोडलं गेलं, नेमकी तीच.

ब्रेडींना १९९६ मध्ये अमेरिकेचा सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. २००० मध्ये व्हाइट हाऊसमधल्या पत्रकार कक्षाला त्यांचं नाव दिलं गेलं. टीव्हीवर आपण ज्या निळ्या पडद्यासमोरच्या पत्रकार परिषदा बघतो, तोच हा कक्ष. तिथे ब्रेडींना स्वतःला फार थोडे दिवस उभं राहता आलं होतं.

४ ऑगस्ट २०१४ रोजी, वयाच्या ७३ व्या वर्षी, त्यांचं निधन झालं. चार दिवसांनी शवविच्छेदनाचा निष्कर्ष आला आणि मृत्यूची नोंद हत्या अशी झाली. कारण १९८१ ची गोळी! हिंकली १९८२ मध्येच वेडसरपणाच्या कारणावरून निर्दोष ठरला होता आणि मनोरुग्णालयात होता. त्याच्यावर नवा खटला भरायचा नाही, असं सरकारी वकिलांनी ठरवलं.

सारा ब्रेडी ३ एप्रिल २०१५ रोजी गेल्या.

त्यानंतर आठच दिवसांनी, ११ एप्रिलला, साउथ कॅरोलिनातला एक तरुण पिस्तूल घ्यायला दुकानात गेला. एफबीआयचं उत्तर आलं, थांबा. त्याच्या नावावर अमली पदार्थांच्या प्रकरणातली अटक दिसत होती. तपशील मागवायला कर्मचाऱ्याने फोन फिरवले, पण ज्या पोलीस खात्याकडे ती फाइल होती, त्याच्यापर्यंत चौकशी पोहोचलीच नाही. ती फाइल मिळाली असती तर त्याने अमली पदार्थ बाळगल्याची कबुली दिल्याचं दिसलं असतं आणि विक्री थांबली असती. तीन दिवस उलटले. १६ एप्रिलला त्याने पिस्तूल नेलं.

१७ जूनच्या रात्री चार्ल्स्टनमधल्या इमॅन्युएल चर्चमध्ये बायबलच्या अभ्यासाला जमलेल्या नऊ कृष्णवर्णीयांना त्याने त्याच पिस्तुलाने मारलं. एफबीआयचे तेव्हाचे प्रमुख जेम्स कोमी यांनी जुलैमध्ये जाहीरपणे चूक मान्य केली. तेव्हापासून तीन दिवसांच्या या तरतुदीला 'चार्ल्स्टन लूपहोल' म्हणतात.

ही मुदत वाढवणारी विधेयकं कनिष्ठ सभागृहाने २०१९ आणि २०२१ मध्ये मंजूर केली. सिनेटमध्ये ती पुढे सरकली नाहीत. जून २०२२ मध्ये मात्र दोन्ही पक्षांनी मिळून एक कायदा केला. खरेदीदार २१ वर्षांखालचा असेल आणि नोंदीत काही शंकास्पद दिसलं, तर तपासाला कामकाजाचे दहा दिवसांपर्यंत मिळतात. बाकीच्यांसाठी तीन दिवसच.

चार्ल्स्टनचा तो तरुण ३ एप्रिल २०१५ ला २१ वर्षांचा झाला होता. दुकानात गेला त्याच्या आठ दिवस आधी. नवा कायदा तेव्हा असता, तरी त्याला लागू झाला नसता.